होबो निकेल

होबो निकेल म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पाच सेंटच्या नाण्यावरील मूळ आकृती हाताने कोरून, तासून व ठोकून बदललेले लघुशिल्प होय. अशा नाण्यांत १९१३ ते १९३८ या काळात पाडलेल्या ‘बफेलो निकेल’ या नाण्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. नाण्यावरील मूलनिवासी पुरुषाच्या चेहऱ्याचे रूपांतर बहुतेक वेळा गोल टोपी घातलेल्या दाढीवाल्या माणसात केलेले आढळते. मागील बाजूवरील गव्याचे कधी गाढव होते, कधी हत्ती, कधी कासव, तर कधी पाठीवर बोचके घेतलेला वाटसरू. कोरणाऱ्यांपैकी फार थोड्यांची नावे ज्ञात आहेत. ही कला लोककला म्हणून ओळखली जाते आणि १९८० नंतर ती नाणकशास्त्राच्या संग्राहकांमध्ये स्वतंत्र शाखा म्हणून स्थिरावली आहे.

नाव

‘निकेल’ हे अमेरिकेत पाच सेंटच्या नाण्याचे रूढ नाव आहे. हे नाव काहीसे फसवे आहे, कारण या नाण्यात ७५ टक्के तांबे आणि केवळ २५ टक्के निकेल असते. ‘होबो’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पश्चिम भागात प्रचारात आला; त्याची व्युत्पत्ती निश्चित नाही. कामाच्या शोधात, बहुधा मालगाड्यांतून विनातिकीट, गावोगाव फिरणारा मजूर असा त्याचा अर्थ आहे. गव्हाची कापणी, फळांची तोडणी, लाकूडतोड, रेल्वेमार्गाची कामे अशा हंगामी रोजगारावर हे लोक जगत. स्वतः होबो मंडळी ‘होबो’, ‘ट्रॅम्प’ आणि ‘बम’ यांत काटेकोर भेद करीत असत: पहिला फिरतो आणि काम करतो, दुसरा फिरतो पण काम टाळतो, तिसरा ना फिरतो ना काम करतो. एच. एल. मेंकन यांनी अमेरिकन इंग्रजीवरील आपल्या ग्रंथात या भेदाची दखल घेतली आहे. मराठीत ‘होबो’साठी ‘भटक्या’ किंवा ‘भिकारी’ असे शब्द वापरले जातात; त्यांपैकी दुसरा सरळसरळ चुकीचा आहे.

सर्वच होबो निकेल होबोंनी कोरलेली नाहीत. सोनार, उत्कीर्णक, कारखान्यांतील कामगार, सैनिक, खलाशी, कैदी अशा अनेकांनी फावल्या वेळात ती केली. होबोंचे नाव त्यांना चिकटले, कारण या कलेचे सर्वांत ज्ञात कारागीर त्या वर्गातील होते.

मूळ नाणे

बफेलो निकेलची रचना शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर यांची. फ्रेझर यांचा जन्म १८७६ मध्ये मिनेसोटा राज्यातील विनोना येथे झाला. त्यांचे बालपण डकोटा प्रदेशात गेले आणि मूलनिवासी जमातींना त्यांच्या भूमीवरून हुसकावले जात असल्याचे त्यांनी जवळून पाहिले. पुढे ते ऑगस्टस सेंट-गॉडन्स या ख्यातनाम शिल्पकाराचे सहायक झाले. अमेरिकेखेरीज अन्य कोणत्याही देशाचे वाटणार नाही असे नाणे घडवावे, या विचाराने त्यांनी एका बाजूस मूलनिवासी पुरुष आणि दुसऱ्या बाजूस अमेरिकन गवा निवडला. चेहरा कोणा एकाचा नाही. तो अनेकांवरून घडविला असे सांगताना फ्रेझर यांनी लाकोटा जमातीचे आयर्न टेल आणि शायान जमातीचे टू मून्स ही नावे घेतली. गव्यासाठी त्यांनी ‘ब्लॅक डायमंड’ या प्राण्याचा उल्लेख केला, मात्र तो ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात ब्लॅक डायमंड न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील संग्रहालयात होता.

नाण्याचा व्यास २१.२ मिलिमीटर आणि वजन ५ ग्रॅम आहे. फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन टाकसाळींत मिळून शंभर कोटींहून अधिक नाणी पाडली गेली. रचनेत एक दोष होता: वर्षाचे आकडे खांद्याच्या उंचावलेल्या भागावर असल्यामुळे ते चलनात लवकर झिजत. मागील बाजूस गवा ज्या उंचवट्यावर उभा होता, त्यावर कोरलेले मूल्यही असेच झिजत असल्याने १९१३ मध्येच तो उंचवटा कापून सपाट करण्यात आला. आकड्यांचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. आज बाजारात वर्ष पुसलेली बफेलो निकेल मुबलक मिळतात, आणि आधुनिक कारागीर कच्चा माल म्हणून अशीच नाणी वापरतात. नाण्याची रचना २५ वर्षे बदलू नये असा त्या वेळचा नियम होता. ही मुदत संपताच १९३८ मध्ये फेलिक्स श्लाग यांच्या रचनेचे, थॉमस जेफरसन यांचा चेहरा असलेले नाणे चलनात आले.

कोरकामासाठी हेच नाणे का निवडले गेले, याचे उत्तर देताना धातूचा मऊपणा हे कारण अनेकदा सांगितले जाते. ते फारसे पटणारे नाही. तांबे-निकेलचा हा मिश्रधातू चांदीपेक्षा किंवा सेंटच्या नाण्यातील काशापेक्षा कठीण असतो आणि टाकसाळीतील ठसेही त्याच्यापुढे लवकर झिजत. खरी कारणे दोन आहेत. पहिले कारण चेहऱ्याचा आकार. आधीच्या ‘शील्ड निकेल’ (१८६६–१८८३) या नाण्यावर चेहराच नव्हता, आणि त्यानंतरच्या ‘लिबर्टी हेड’ नाण्यावरील स्त्रीच्या चेहऱ्याभोवती तारे व मोकळी जागा होती. फ्रेझर यांचा चेहरा मात्र जवळजवळ संपूर्ण नाणे व्यापतो. त्यामुळे नाक, जबडा, कान, केस यांवर काम करण्यास भरपूर धातू मिळतो. दुसरे कारण किंमत. निकेल सुमारे दोन मिलिमीटर जाड आहे. दहा सेंटचे चांदीचे नाणे त्याहून लहान व पातळ, तर अर्ध्या डॉलरचे नाणे मोठे असले तरी दहापट महाग होते. ज्याच्या खिशात मोजकीच मोड आहे त्याला परवडेल असे सर्वांत मोठे व जाड नाणे म्हणजे निकेल. तेही अगदीच क्षुल्लक नव्हते: न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे भाडे १९०४ पासून १९४८ पर्यंत पाच सेंट होते आणि कोका-कोलाची बाटलीही दीर्घकाळ तेवढ्यालाच मिळे.

पूर्वपरंपरा

चलनी नाण्यावर खासगी कोरकाम करण्याची प्रथा बफेलो निकेलहून बरीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तांब्याची नाणी घासून गुळगुळीत करीत आणि त्यांवर नावे, तारखा, हृदये व निरोपाचे चार शब्द कोरीत. शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियात पाठविल्या जाणाऱ्या कैद्यांनी मागे राहणाऱ्या आप्तांसाठी अशी स्मृतिचिन्हे मोठ्या संख्येने केली. मॅथ्यू बोल्टन यांच्या सोहो टाकसाळीत पाडलेली १७९७ ची जाडजूड पेनी या कामासाठी विशेष लोकप्रिय होती; तिचे वजन एक औंस होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे या प्रकारच्या तीनशेहून अधिक वस्तूंचा संग्रह आहे. त्यांतील अनेक कैदी परत येणार नव्हते आणि अनेकांना लिहिता येत नव्हते. त्यामुळे हे गुळगुळीत केलेले तांबे हाच त्यांच्यापैकी काहींच्या हातचा एकमेव दस्तऐवज ठरला आहे.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दहा सेंटच्या चांदीच्या नाण्याची एक बाजू घासून प्रियजनांची आद्याक्षरे कोरण्याची फॅशन होती. अशी नाणी बांगडीत किंवा साखळीत ओवली जात. थट्टेखातर केलेले कामही आढळते: चांदीच्या डॉलरवरील आसनस्थ लिबर्टीदेवीच्या बैठकीत थोडा फेरफार करून तिला शौचपात्रावर बसविलेली नाणी संग्राहकांना चांगलीच परिचित आहेत. फ्रान्समध्ये १८७० मध्ये सेदानच्या लढाईत सम्राट तिसरा नेपोलियन शरण गेल्यानंतर त्याच्या तांब्याच्या नाण्यांवर संतप्त नागरिकांनी प्रशियाचे टोकदार शिरस्त्राण आणि कैद्याचा गळपट्टा कोरला. ब्रिटनमध्ये १९०३ च्या पेनीवर सातव्या एडवर्डच्या चेहऱ्यावरून स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी अक्षर-अक्षर ठोकलेले एक नाणे ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. राजाचे चित्र असलेली वस्तू विद्रूप करणे हा गुन्हा होता. तरीही एवढ्या क्षुद्र किमतीचे नाणे बँकांनी परत मागवून घेणे जवळजवळ अशक्य होते, आणि म्हणूनच हे माध्यम निवडले गेले असावे.

या सर्वांच्या तुलनेत होबो निकेलचे वेगळेपण असे की त्यात मूळ चित्र पुसून टाकले जात नाही. जुन्याच चेहऱ्यातून नवा चेहरा काढला जातो.

कोरण्याची पद्धत

जुन्या कारागिरांची साधने अगदी साधी होती: चाकू, खिळ्याला धार लावून केलेली टोची, लहान छिन्नी, कानस, हातोडी आणि असल्यास एखादा पंच. नाणे लाकडाच्या तुकड्यात खोबण करून बसवीत.

कामाची सुरुवात बहुधा डोक्यापासून होते. मूळ चित्रात केसांची वेणी मानेवर रुळते आणि डोक्यामागे पिसे आहेत. वेणी तासून मान व कॉलर काढली जाते. पिसे आणि कपाळावरील केस यांच्या जागी टोपीचा घुमट व काठ येतो. गोल टोपी, म्हणजे त्या काळातील डर्बी हॅट, सर्वांत जास्त दिसते, कारण डोक्याच्या मूळ गोलाईत ती सहज बसते. मूळ चेहऱ्याचा कान केसांखाली झाकलेला असल्याने कारागिराला तो नव्याने घडवावा लागतो. नेमका हाच भाग पुढे कारागीर ओळखण्याची खूण ठरतो, कारण प्रत्येकाचा कान वेगळा असतो. दाढी व मिशा बारीक समांतर रेघांनी किंवा टोचीच्या ठिपक्यांनी दाखविल्या जातात. नाकाचा बाक कमी करायचा झाल्यास धातू काढून चालते. पण नाक लांब करायचे असेल किंवा टोपीचा काठ पुढे आणायचा असेल, तर आजूबाजूच्या सपाट भागातील धातू छिन्नीने रेटून वर उचलावा लागतो. नाण्यात बाहेरून धातू भरला जात नाही, आहे तोच हलविला जातो. हे जमणारे कारागीर थोडे, आणि जाणकार संग्राहक प्रथम तेच पाहतो.

शेवटची पायरी पार्श्वभूमीची. चांगल्या कामात चेहऱ्याभोवतीचा सपाट भागही तासून एकसारखा केलेला असतो, त्यामुळे चेहरा अधिक उठून दिसतो. कंटाळलेल्या किंवा घाईतल्या हाताने हा भाग तसाच सोडलेला असतो. उजव्या कडेजवळील ‘लिबर्टी’ हा शब्द काहींनी पूर्ण पुसला, काहींनी राखला. एकाने त्याचा जो उपयोग केला, तो पुढे येईल.

कारागीर

नावानिशी ज्ञात असलेल्या जुन्या कारागिरांत दोघे अग्रगण्य मानले जातात: बर्ट्राम वीगंड, ऊर्फ बर्ट, आणि त्याचा शिष्य जॉर्ज वॉशिंग्टन ह्यूझ, ऊर्फ बो. त्यांच्या आयुष्याविषयीची माहिती मुख्यतः डेल्मा रोमाइन्स यांच्या १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून येते. या विषयावरील ते पहिले स्वतंत्र पुस्तक होय.

बर्टने १९१३ च्या सुमारास, म्हणजे नाणे नवे असतानाच, कोरण्यास प्रारंभ केला. त्याची सही प्रसिद्ध आहे. नाण्यावरील ‘लिबर्टी’ या शब्दाची रोमन लिपीतील पहिली दोन व शेवटचे एक अक्षर खोडले की मध्ये उरलेल्या चार अक्षरांतून ‘बर्ट’ हे नाव वाचता येते. स्वतः एकही अक्षर न कोरता त्याने राष्ट्राच्या नाण्यावर आपले नाव लिहिले.

बो हा मिसिसिपी राज्यातील एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबातील मुलगा. लहान वयातच घर सोडून तो मालगाड्यांवर चढला. रेल्वेमार्गालगतच्या झाडीत होबोंचे तळ पडत, त्यांना ते ‘जंगल’ म्हणत. अशाच एका तळावर १९१५ च्या सुमारास त्याची बर्टशी गाठ पडली आणि त्याच्याकडे पाहत तो कोरायला शिकला. शिष्य गुरूच्या पुढे गेला, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. बोच्या उत्तम कामात टोपीखालचा चेहरा एखाद्या ठरावीक ‘होबो’चा नसून ओळखता येईल अशा माणसाचा वाटतो. रोमाइन्स यांच्या कथनानुसार १९५७ मध्ये छिन्नी निसटून बोच्या हाताला इजा झाली. तोपर्यंत मजुरीने व थंडीने त्याची बोटे आधीच आखडली होती. त्यानंतरचे त्याचे काम अधिक ढोबळ आहे. बारीक छिन्नीऐवजी पंचाच्या खुणा जास्त दिसतात. १९८० च्या सुमारास तो दृष्टिआड झाला. त्याच सुमारास त्याच्या नाण्यांना संग्राहकांकडून किंमत येऊ लागली होती. त्यातले त्याच्या वाट्याला काही आले नाही.

होबो या नाण्यांचे काय करीत, यावर थोडे विवेचन आवश्यक आहे. कोरलेले निकेल हे पाच सेंटपेक्षा अधिक मोलाचे होते. त्याच्या बदल्यात जेवण, रात्रीचा आसरा किंवा गाडीतून पुढच्या गावापर्यंतचा प्रवास मिळू शके. काही नाणी मदत करणाऱ्याचाच चेहरा कोरून त्याला भेट दिलेली असत. १९२९ नंतरच्या महामंदीत बेकारी वाढत गेली आणि १९३३ मध्ये सुमारे एक चतुर्थांश कामगार बेरोजगार होते. रस्त्यावर आलेल्यांत कुशल कारागीरही होते. त्यामुळे या काळात कोरलेल्या नाण्यांची संख्या वाढली. मात्र होबो निकेल ही महामंदीची निर्मिती असल्याचे जे सर्रास सांगितले जाते, ते तपासून घ्यावे लागते: मंदी येण्यापूर्वी सोळा वर्षे ही कला सुरू होती आणि उत्कृष्ट नमुन्यांपैकी पुष्कळ १९१३ च्या नाण्यांवर आहेत.

बर्ट आणि बो यांच्याखेरीज बाकी बहुतेक अनामिक आहेत. त्यांना अभ्यासकांनी कामातील लकबींवरून नावे दिली आहेत. भुईमुगाच्या शेंगेसारखा कान कोरणारा एक कारागीर ‘पीनट इअर’ या नावाने ओळखला जातो. तो कोण होता, कोठे राहत होता, हे ज्ञात नाही, पण त्याचे नाणे भिंगाखाली येताच ओळखू येते.

अभ्यास आणि वर्गीकरण

१९८० पर्यंत नाणे व्यापारी होबो निकेलला ‘खराब झालेले नाणे’ समजून टोपलीत टाकीत असत. रोमाइन्स यांच्या पुस्तकानंतर नाणकशास्त्रज्ञ बिल फिवाझ यांनी या विषयावर सातत्याने लेखन केले आणि १९९२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ओरिजिनल होबो निकेल सोसायटी ही संस्था स्थापन झाली. संस्था नियतकालिक चालविते, नाण्यांची नोंदणी करते व लिलाव भरविते. स्टीफन अल्पर्ट यांचे मार्गदर्शक पुस्तक प्रतवारीसाठी वापरले जाते.

सर्वसाधारणपणे १९४० पर्यंतचे काम ‘अभिजात’, १९४० ते १९८० मधील ‘उत्तरकालीन’ आणि त्यानंतरचे ‘आधुनिक’ समजले जाते. प्रतवारीत मूळ नाण्याच्या स्थितीला फारसे महत्त्व नाही. कोरकामाचा दर्जा, मूळ चित्रात झालेला बदल आणि कल्पकता पाहिली जाते. सामान्य जुन्या नाण्याला काही दहा डॉलर, तर बर्ट किंवा बो यांच्या खात्रीच्या नाण्याला शेकडो ते हजारो डॉलर मिळतात.

आधुनिक कारागिरांत रॉन लँडिस यांचे नाव आदराने घेतले जाते. आज सूक्ष्मदर्शक, हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी, सोन्याचा जडाव आणि रत्ने यांचा सर्रास वापर होतो. रशियातील रोमन बूतीन यांनी चांदीच्या मॉर्गन डॉलरमध्ये हलणारे भाग व सापळ्यासारख्या यंत्रणा बसविल्या आहेत. कौशल्याच्या दृष्टीने हे काम जुन्यांच्या कितीतरी पुढे आहे. त्याला होबो निकेल म्हणावे का, हा वाद संग्राहकांत चालूच असतो. निकेलही नाही आणि होबोही नाही, असा एका पक्षाचा आक्षेप असतो.

खरे-खोटे पारखणे

अभिजात नाण्यांना भाव येताच त्यांच्या नकला निघाल्या. फसवणुकीचे तीन प्रकार दिसतात: नवे काम जुने म्हणून विकणे, अनामिक जुन्या नाण्यावर बर्ट किंवा बोची सही मागाहून कोरणे, आणि साच्याने छापलेल्या प्रती हाताने कोरलेल्या म्हणून विकणे. तिसरा प्रकार सध्या सर्वाधिक आहे. अशा प्रती घाऊक दराने मिळतात.

दहापट भिंगाखाली पुढील गोष्टी पाहाव्यात. जुन्या नाण्यात कोरलेल्या रेघांच्या तळाशी आणि नाण्याच्या अस्पर्शित भागात रंग सारखाच मुरलेला असतो. कोरलेला भाग चमकदार आणि बाकी नाणे काळपट असेल, तर काम नवे आहे किंवा नुकतेच घासले आहे. खिशात फिरलेल्या नाण्यावर कोरकामाच्या उंच भागांचीही झीज झालेली असते. टोपीच्या काठावर धातूची धारदार कुसळे बोटाला लागत असतील, तर ते नाणे फारसे फिरलेले नाही. मूळ नाण्याची झीजही बोलकी असते. १९१३ चे नाणे १९१५ मध्ये कोरले असेल, तर गव्याची शिंगे व अंगावरचे केस स्पष्ट असावयास हवेत. मागील बाजू पूर्ण गुळगुळीत आणि पुढील कोरकाम मात्र टवटवीत, हे बहुधा १९८० नंतरच्या कामाचे लक्षण असते. विजेवर थरथरणाऱ्या लेखणीची रेघ समान अंतरावरच्या ठिपक्यांची बनलेली असते, हातछिन्नीची रेघ सुरुवातीला उथळ आणि पुढे खोल होत जाते.

छापलेली प्रत ओळखणे त्या मानाने सोपे आहे. खरे नाणे चुंबकाला चिकटत नाही. मुलामा दिलेले पोलादी नाणे चिकटते. वजन पाच ग्रॅमहून बरेच वेगळे असेल तर शंका घ्यावी. कोरताना धातू गेल्याने थोडी घट मात्र स्वाभाविक आहे. आणि दोन नाण्यांवर एकच ओरखडा एकाच जागी आढळला, तर दोन्ही एकाच साच्यातून आलेली आहेत, मग विक्रेता काहीही सांगो.

जुन्या नाण्यांवर नवा ठसा

होबो निकेलच्या शेजारीच संग्रहाची आणखी एक शाखा आहे: जुनी नाणी कोरी चकती म्हणून वापरून त्यांवर नव्या साच्याने छापलेली नाणी व स्मरणमुद्रा. येथे हाताऐवजी दाबयंत्र काम करते आणि एका साच्यातून अनेक प्रती निघतात. साम्य एवढेच की खालचे नाणे पूर्णपणे नाहीसे होत नाही. जुन्या आख्यालेखाची अक्षरे किंवा मुकुटाचा कंगोरा नव्या चित्रातून डोकावतो, आणि संग्राहक अशाच प्रती मुद्दाम शोधतात.

ही पद्धत मुळात राज्यकर्त्यांची. महाराष्ट्रातील तिचे उदाहरण जगातील उत्तम उदाहरणांपैकी आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. त्यात क्षहरात क्षत्रप नहपान याची तेरा हजारांहून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा उमटवला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर चैत्य आणि त्याच्या मागील बाजूवर उज्जैन चिन्ह अशी ही मोहोर आहे. पराभूत राजाचे चलन वितळविण्याचा खर्च वाचला आणि कोण जिंकले हे हातोहात सर्वांपर्यंत पोहोचले. नहपान व गौतमीपुत्र यांचा कालानुक्रम ठरविण्यात या साठ्याचा मोठा उपयोग झाला. यावरून दिसते की ठशाखाली उरलेले जुने नाणे इतिहासकारालाही हवे असते. पुढे १८०४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने चांदीच्या टंचाईवर तोड म्हणून स्पॅनिश डॉलरवर सोहो टाकसाळीत पाच शिलिंगचे नाणे छापून घेतले, तर १८१३ मध्ये न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर लॅचलन मॅक्वारी यांनी चाळीस हजार स्पॅनिश डॉलर मध्यभागी छेदून एकाची दोन नाणी केली.

खासगी क्षेत्रात या शाखेतील सर्वांत चर्चित नाव अमेरिकेतील डॅनियल कार यांचे आहे. टाकसाळीने काढून टाकलेले एक दाबयंत्र विकत घेऊन ते खऱ्या जुन्या नाण्यांवर, प्रत्यक्षात कधीच चलनात न आलेल्या वर्षांचे ठसे छापतात. १९६४ च्या पीस डॉलरचे त्यांचे नाणे विशेष गाजले. ही तारीख असलेली तीन लाखांहून अधिक नाणी डेन्व्हर टाकसाळीने १९६५ मध्ये पाडली आणि सर्व वितळविली. अधिकृत नाणे एकही उपलब्ध नाही. नक्कल केलेल्या नाण्यावर ‘प्रत’ असा शिक्का असलाच पाहिजे, असा अमेरिकेचा १९७३ चा कायदा आहे. आपण नक्कल केलेली नसून खऱ्या नाण्यात फेरफार केला आहे, अशी कार यांची भूमिका. तर पन्नास वर्षांनी माहितीची साखळी तुटल्यावर हीच नाणी भाबड्या खरेदीदाराला फसवतील, असा टीकाकारांचा आक्षेप. हातच्या कोरकामाबाबत हा धोका उद्भवत नाही, कारण होबो निकेल स्वतःला अधिकृत नाणे म्हणवून घेतच नाही.

आक्षेप

होबो निकेलविषयीचा सर्वांत गंभीर आक्षेप चेहऱ्याशी निगडित आहे. ज्या मूलनिवासी समाजाची भूमी बळकावली गेली, त्याचा चेहरा राष्ट्राच्या नाण्यावर आला. आणि कोरणाऱ्यांनी तोच तासून त्या जागी बहुतांशी गोऱ्या माणसाचा चेहरा बसविला. जुन्या नाण्यांत ज्यू, आयरिश व कृष्णवर्णीय लोकांची हिणकस व्यंगचित्रेही आहेत. कोरणारा स्वतः समाजाच्या तळाशी होता, म्हणून त्याचे पूर्वग्रह सौम्य होते असे मानण्याचे कारण नाही. दुसरीकडे, फ्रेझर यांच्या नाण्याची ज्यांनी विटंबना केली असे म्हटले जाते, त्यांतला श्रेष्ठ हात एका कृष्णवर्णीय भटक्या मजुराचा होता, हेही या चर्चेत विसरून चालत नाही.

नाणे संग्राहकांचा जुना आक्षेप यापेक्षा साधा आहे: कोरताना दुर्मीळ नाणी नष्ट झाली. सॅन फ्रान्सिस्कोत १९२६ मध्ये पाडलेली नाणी दहा लाखांहूनही कमी होती. तेव्हा ती फक्त पाच सेंट होती.

कायदा

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार फसवणुकीच्या हेतूने नाण्यात बदल करणे दंडनीय आहे. कलाकृती म्हणून केलेला आणि तसाच सांगितलेला बदल त्यात येत नाही. २००६ च्या अखेरीस तेथील टाकसाळीने एक व पाच सेंटची नाणी वितळविण्यास आणि मोठ्या प्रमाणावर निर्यात करण्यास बंदी घातली, कारण त्यांतील धातू दर्शनी मूल्याहून महाग झाला होता. त्या नियमातही करमणूक, शिक्षण व दागिने यांसाठी केलेल्या फेरफारास, त्यामागे केवळ धातूतून नफा मिळविण्याचा हेतू नसेल तर, सूट आहे.

भारतातील स्थिती वेगळी आहे. कॉइनेज ॲक्ट, २०११ अन्वये नाणे वितळविणे किंवा नष्ट करणे आणि विनिमयाचे साधन याखेरीज अन्य कामासाठी त्याचा वापर करणे यांस मनाई आहे, आणि उल्लंघनासाठी कारावासाची तरतूद आहे. त्यामुळे येथील हौशी कोरणाऱ्यांनी चालू भारतीय नाण्यांवर हात न चालविणेच योग्य.

जतन

होबो निकेल कधीही घासू अथवा चकचकीत करू नये. रेघांत मुरलेला काळेपणा गेला की वयाचा पुरावा जातो. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांतील पीव्हीसीमुळे तांबे-निकेलवर हिरवट चिकट थर चढतो, म्हणून रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय पाकिटे किंवा कडक डब्या वापराव्यात. नाणे कडेने धरावे. ते कोठून, कोणाकडून व केव्हा मिळाले याची चिठ्ठी सोबत ठेवावी, कारण अनामिक कारागिराच्या कामाची एकाच प्रदेशातील तीन-चार नाणी जुळली, की तो कोठे फिरत होता याचा माग लागू शकतो.